जगलं तर जगलं?

आजचा विषय वाचून काही जण नाक मुरडतील, ठाऊक आहे मला. कोंबडीच्या पिल्लाची शी! पण मंडळी, लहान बाळ असलेल्या घरात सकाळचा पहिला प्रश्न कोणता असतो? "झाली का गं?" आजीपासून बाळाच्या बापापर्यंत सगळं घर त्या एका बातमीची वाट बघत असतं. रंग कसा होता, पातळ होती की घट्ट, यावर चहा पिता पिता चर्चा होते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मग कोंबडीच्या पिल्लाबद्दल हाच प्रश्न विचारला तर एवढं हसायचं काय?

माझं माहेर अल्लीपूर, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातलं. कापूस, सोयाबीन, तूर हा आमचा मुलूख. गावात कोंबड्या पाळणं हा बहुतेक घरी धंदा नसतो. अंगणात पाच-सात कोंबड्या, एक कोंबडा, रात्री डालग्याखाली झाकायचं, बस्स. पण या पाच-सात कोंबड्यांचे पैसे घरातल्या बाईचे असतात, हे लक्षात घ्या. कापसाचा चुकारा घरधन्याच्या हातात येतो. कोंबडी विकली की ते काही शे रुपये तिच्या बटव्यात जातात. पोरीची परीक्षा फी, अचानक निघालेलं माहेरचं लग्न, डोळ्याचा चष्मा... हे सगळं त्या बटव्यातून निघतं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली आणि दहा पिल्लं निघाली, तर त्या दहांतली किती मोठी होतात हा प्रश्न त्या बाईसाठी लहान नसतो.

तरीही आपल्याकडे पिल्लू मलूल झालं की ठरलेलं वाक्य येतं. माझी काकूच म्हणते, "अवं बाई, जगलं तं जगलं, नाही तं गेलं. कोंबडीच्या पिल्लाचं काय घिऊन बसली?" काकू मनाने कठोर नाही. तिने इतकी पिल्लं मरताना पाहिली आहेत की दर वेळी वाईट वाटून घेणं तिला परवडत नाही. पण मला या वाक्याशी भांडायचं आहे. काकूशी नाही हं! वाक्याशी.

आधी दुखणं समजून घेऊ. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाची विष्ठा कधी कधी पातळ आणि चिकट होते आणि शेपटीखालच्या मऊ पिसांना चिकटते. ती वाळते. त्यावर पुढची चिकटते. एक-दोन दिवसांत तिथे खडूसारखा कडक गोळा तयार होतो आणि वाटच बंद होते. इंग्रजीत याला पेस्टी व्हेंट म्हणतात, आपल्याकडे सरळ "मागून चिकटलं" म्हणतात. पक्ष्यांना लघवीची वेगळी वाट नसते. सगळं एकाच दारातून बाहेर पडतं, विष्ठेवरचा पांढरा भाग हीच त्यांची लघवी. म्हणजे ते दार बंद झालं की सगळंच तुंबलं. पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहतं, चिवचिव करतं, खाणं सोडतं. तसंच राहू दिलं तर मरतं. आणि आपण म्हणतो, कमजोरच होतं बिचारं.

इथेच माझा पहिला आक्षेप. ते पिल्लू कमजोर होतं हे कुणी ठरवलं? बहुतेक वेळा या दुखण्याचं मूळ पिल्लात नसतं, आपण त्याला ठेवलं कसं यात असतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिले दहा-बारा दिवस स्वतःच्या अंगाची ऊब नीट सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या आजूबाजूला साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत आणायची. थंडी लागली की पोट बिघडतं. उन्हाने कावलं, अंगातलं पाणी कमी झालं, तरीही बिघडतं. आता आमच्या वर्ध्याचं हवामान बघा. पौषात पहाटे दात वाजतात आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कुणीतरी सांगितलं म्हणून भर मे महिन्यातल्या दुपारी टिनाच्या खोलीत पिल्लांवर पिवळा बल्ब लावून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे ऊब कशाला हवी? तिथे सावली आणि पाणी हवं.

खरं तर यासाठी थर्मामीटरही लागत नाही. पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करून बसली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर गरम होतं आहे. सगळीकडे पसरून टिपत, झोपत, हुंदडत असतील तर ठीक चाललं आहे. खुडूक कोंबडी हे सगळं न शिकता करते. पंखाखाली घेते, बाहेर सोडते, पुन्हा घेते. तिच्याखालच्या पिल्लांना हा त्रास कमी होतो. विकत आणलेल्या, खोक्यातून प्रवास करून आलेल्या पिल्लांना जास्त होतो. अंड्यातला बलक निघण्यापूर्वी पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं एवढ्या लांब पाठवता येतात. पण काढू शकतं म्हणजे त्याला काही त्रास होत नाही, असं नव्हे!

उपाय म्हणाल तर हसू येईल इतका साधा आहे. कोमट पाणी, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं तर सुखद वाटेल इतपत. त्यात कापूस (आमच्याकडे त्याला तोटा नाही!) किंवा जुन्या धोतराचा मऊ तुकडा भिजवायचा आणि त्या गोळ्यावर धरून ठेवायचा. दोन मिनिटं, तीन मिनिटं, थंड झाला की पुन्हा. गोळा आपोआप मऊ होतो आणि थोडा थोडा सुटत येतो. वाळलेला गोळा ओढायचा नाही. ओढला तर पिसं आणि कातडी दोन्ही सोबत येतात. आख्खं पिल्लू पाण्यात बुडवायचं नाही. साफ झालं की फडक्याने टिपून, पूर्ण कोरडं होईपर्यंत उबेत वेगळं ठेवायचं, कारण लाल झालेली जागा दिसली की बाकीची पिल्लं तिथेच चोच मारतात. खोबरेल तेलाचं एक बोट लावलं की पुढची चिकटत नाही. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बघायचं. झालं.

एक मात्र नीट बघा. शेपटीखाली असतं ते दार. पोटाच्या मध्यावर, पायांच्या बाजूला, एखादा काळपट सुकलेला धागा दिसला तर ती बेंबी आहे. तिला हात लावायचा नाही. विष्ठा समजून तीच ओढली तर पिल्लू हातचं जातं.

आणि आत काय जातं तेही बघायचं. आधी स्वच्छ पाणी, पहिल्या दिवशी काही तास गुळाचं पाणी, मग मक्याचा किंवा ज्वारीचा बारीक भरडा, तांदळाची कणी. उरलेली तेलकट भाजी नको. दिवसातून एखाद-दोनदा तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा पडली तर घाबरू नका, ती कोंबडीच्या आतड्याची नेहमीचीच रीत आहे.

अर्धा तास लागतो या सगळ्याला. नंतर साबणाने हात धुवायचे, कारण पिल्लांच्या विष्ठेतून माणसाला साल्मोनेला होऊ शकतो. लहान मुलांना पिल्लांचे पापे घेऊ देऊ नका, कितीही गोंडस दिसली तरी :)

आता काकूच्या बाजूने बोलणारे वकील येतील. पहिला म्हणेल, शेवटी कापायचीच ना? हो. मी स्वतः कोंबडी खाते, उगाच साळसूदपणा नको. पण पुढे सहा महिन्यांनी तिची भाजी होणार आहे म्हणून आज तिने तुंबून मरावं, हे कुठलं गणित? उलट ज्याचं आपण शेवटी खाणार त्याचं जगणं नीट असावं, हे आपल्यावर जास्तच लागू होतं.

दुसरा वकील जरा अभ्यासू असतो. तो म्हणतो, कमजोर पिल्लं वाचवली तर पुढचं वाण बिघडतं. यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या ठिकाणी. पुलोरम नावाचा रोग असतो. त्यातही पांढरी हगवण होते आणि मागे चिकटते. तो जिवाणू आजारी कोंबडीच्या अंड्यातूनच पिल्लात येतो. एकाच घाण्यातली पिल्लं पटापट मरायला लागली तर कोमट पाण्याने काही होणार नाही, डॉक्टरला दाखवायला हवं. आणि त्यातून वाचलेलं पिल्लू अंड्यांसाठी ठेवू नये, कारण ते रोग बाळगून राहतं. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसलं तर तो बहुधा कॉक्सिडिऑसिस, त्याला वेगळं औषध आहे. हिरवी हगवण, मान वाकडी, श्वासाला घरघर, हे राणीखेतचं लक्षण. त्याला औषधच नाही, पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून द्यायची लस आहे. म्हणजे निवड करायची तर ओळखून करा ना. सगळ्यांना एकच "कमजोर" हा शिक्का मारणं ही निवड नव्हे. तो आळस झाला.

याच्या अगदी उलट टोकाचे लोकही आहेत, आणि माझं त्यांच्याशीही भांडण आहे. पिल्लू जरा मलूल दिसलं की दुकानातून पिवळी पावडर आणायची आणि चिमूटभर सगळ्यांच्या पाण्यात टाकायची. कुठली पावडर, किती, किती दिवस, काही विचारायचं नाही. दुकानदारही विचारत नाही. दारावर कडक गोळा बसला आहे, तो अँटिबायोटिकने विरघळणार आहे का? जिवाणू मात्र त्या औषधाला सरावतात आणि मग उद्या तेच औषध आपल्या बाळाला लागलं तर काम करत नाही. ही काही पुस्तकी भीती नाही. माणसाचा इतर औषधांनी इलाज होईना तेव्हा शेवटचं म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं. 2019 साली केंद्र सरकारला खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता त्याच्यावर बंदी आणावी लागली. दया करायची म्हणून पावडर टाकणं सोपं आहे. दोन मिनिटं कापूस धरून बसणं अवघड आहे, कारण त्यात हात घाण होतात.

खरी अडचण तीच आहे, असं मला वाटतं. हात घाण होण्याची. आणि हे आमच्या वर्धा जिल्ह्यात व्हावं! गांधीजी 1936 मध्ये ज्या शेगावला राहायला आले आणि ज्याचं पुढे सेवाग्राम झालं, तिथे कुष्ठरोगाने पोखरलेल्या परचुरे शास्त्रींना त्यांनी ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने मालिश केली. आम्ही शाळेच्या सहलीत तिथे जाऊन कुटी बघतो, चरखा बघतो, फोटो काढतो आणि परत येतो.

गांधीजींचीच दुसरी एक गोष्ट मात्र सहलीत कुणी सांगत नाही. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी बोलून त्याला इंजेक्शनने मरण देवविलं. देशभर गदारोळ झाला, संतापाची पत्रं आली, त्यांनी लेख लिहून उत्तर दिलं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की आधी वासराची शुश्रूषा झाली, डॉक्टरला दाखवलं गेलं, विचारविनिमय झाला, मग निर्णय. आणि निर्णयाच्या वेळी माणूस तिथे हजर होता. "जगलं तर जगलं" मध्ये यातलं काहीच नसतं. त्यात आपण निर्णय घेतच नाही, फक्त पाठ फिरवतो आणि सकाळी डालगं उचलून मोजतो.

सगळी पिल्लं वाचतील असं मी म्हणत नाही. काही जातातच. साफ केलं, ऊब दिली, पाणी पाजलं तरी जातात. तेव्हा वाईट वाटेल, वाटू द्या. पण गेलं ते आपण बघून, करून गेलं आणि गेलं ते न बघता गेलं, यात फरक आहे. तो फरक पिल्लाला कळत नसेल कदाचित. घरातली पोरं मात्र बघत असतात. आजारी, म्हातारं, अंथरुणात घाण करणारं माणूस पुढे कुणाच्या तरी वाट्याला येणारच आहे. त्याचं कसं करायचं हे पोरं कुठल्या पुस्तकात शिकणार?

जाता जाता एक विनंती. आठवडी बाजारात, जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं खेळणी म्हणून विकायला येतात. बहुतेक अंडी न देणारे नर, हॅचरीला नको असलेले. तहानलेली, दमलेली असतात ती, आणि हे दुखणं त्यांच्यात ठरलेलं. पोरांनी हट्ट केला तरी घेऊ नका. आणि घेतलंच, तर पहिल्या संध्याकाळी त्याची शेपटी उचलून बघा.

काकू हे वाचणार नाही, पण तिची सून वाचते. तिने वाचून दाखवलं तर काकू काय म्हणेल ते इथे नक्की कळवा. तुमच्याकडे काय करतात, तेही लिहा.