सी.सी.चा मोह

आमच्या वर्गात हल्ली वादाचा एक ठरलेला विषय आहे. जुनी गाडी घ्यायची आणि टर्बो न लावता, म्हणजे इंजिन स्वतः जेवढी हवा ओढते तेवढ्याच हवेवर, तिची शक्ती वाढवायची. तर मग इंजिन कोणते घ्यावे? बहुतेकांचे उत्तर तयार असते : खिशाला झेपेल त्यातले सर्वांत मोठे. मला हे उत्तर साफ चुकीचे वाटते. मी कॉमर्सचा विद्यार्थी, तेव्हा माझा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. उद्यमबागेत माझ्या मामांचे गॅरेज आहे आणि तिथला जमाखर्च गेली दोन वर्षे मी लिहितो, एवढाच माझा अधिकार.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण खरी टंचाई हवेची असते. पेट्रोल हवे तितके ओतता येते. हवा मात्र वातावरणाचा दाब जेवढी आत ढकलील तेवढीच. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, म्हणजे इथली हवा पणजीपेक्षा 7-8 टक्के विरळ. चोर्ला घाट उतरल्यावर गाडी अंगात आल्यासारखी पळते ती उगाच नव्हे. म्हणून प्रश्न सिलिंडर किती मोठा हा नसून तो किती चांगला भरतो आणि मिनिटाला किती वेळा भरतो, हा आहे. आणि त्याचे उत्तर हेडमध्ये असते. (मामांचा फिटर कानडी, मामा मराठी, दिवसभर दोघांची वादावादी चाललेली असते, पण हेड दोघांच्याही भाषेत हेडच.)

उदाहरण पाहा. फोर्ड आयकॉनचे 1.6 लिटरचे इंजिन 1597 सी.सी.चे, अश्वशक्ती सुमारे 92. हेडमध्ये व्हॉल्व्ह आठ. मारुती एस्टीमचे नंतरचे इंजिन 1298 सी.सी.चे, व्हॉल्व्ह सोळा, अश्वशक्ती सुमारे 85. तीनशे सी.सी. कमी आणि फरक अवघा सात अश्वशक्तीचा. लिटरमागे हिशेब केला तर एकाची 58, दुसऱ्याची 65. जे इंजिन मुळातच मोकळा श्वास घेते त्याच्यावर केलेला खर्च फळाला येतो. दुसऱ्याच्या बाबतीत निम्मे पैसे मूळची उणीव भरून काढण्यातच जातात.

आता कोणी होंडा सिटीचे नाव घेईल. भारतातल्या पहिल्या सिटीचे 1.5 लिटरचे व्हीटेक इंजिन सुमारे 106 अश्वशक्तीचे, लिटरमागे 71. ते सरस आहे हे मी मुकाट्याने मान्य करतो. पैसा असेल त्याने तेच घ्यावे. पण या लेखाचा विषय पैसा नसलेल्यांचा आहे. होंडाच्या पिस्टनची धाव 84.5 मिलिमीटर, एस्टीमची 75.5. सात हजार फेऱ्यांना होंडाचा पिस्टन सरासरी सेकंदाला 19.7 मीटर वेगाने धावतो, एस्टीमचा 17.6. म्हणजे फेऱ्या वाढवायला एस्टीममध्ये थोडी जागा शिल्लक राहते. शिवाय याच घराण्याचे 1.3 लिटरचे इंजिन जिप्सीत होते, व्हर्सात होते, 2005 च्या स्विफ्टमध्येही होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवरून जाताना ज्या जिप्सी आपण लहानपणापासून पाहिल्या, त्यांचे पार्ट्स जुन्या बाजारात आजही हाताला लागतात. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर धावणाऱ्या एल.जी.बी. फॉर्म्युला 4 गाड्यांनाही स्विफ्टचेच 1.3 लिटरचे इंजिन बसवलेले. शर्यतवाल्यांनी उगाच निवडले नसावे.

अर्थशास्त्राच्या पेपरात घटत्या फलाचा नियम आपण पाठ करून लिहितो. तो मी वहीत प्रत्यक्ष पाहिला. हेड घासून कॉम्प्रेशन 9 वरून 10.5 वर नेले, तर कागदावर चारेक टक्क्यांचा लाभ. खर्च लेथवाल्याच्या मजुरीचा. पुढे चांगला मॅनिफोल्ड, मग कॅम, आणि कॅम बदलला की इंधनाचे मॅपिंग आलेच, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जळतो. दर पायरीला पैसा दुप्पट आणि अश्वशक्ती निम्मी. कुठे थांबायचे हे ज्याने आधी लिहून ठेवले नाही, तो थांबत नाही.

आमच्या दोन सीनिअर मित्रांचेच पाहा. त्यांनी भंगारातून 1.6 लिटरचे इंजिन आणून लहान गाडीत बसवायला घेतले. माउंटिंग जुळेना, वायरिंग जुळेना, आणि दुसऱ्या जातीचे इंजिन परवानगीवाचून बसवले तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते, हे त्यांना शेवटी कळले. एकाची सी.ए.च्या क्लासची फी त्या इंजिनात गेली. गाडी ताडपत्रीखाली आहे. ब्रेक तर त्यांनी बदललेच नव्हते. ती रस्त्यावर आली नाही याचेच मला बरे वाटते.

आणखी एक गोष्ट आता धरून चालावी लागेल. 2025 मध्ये देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. ते आधी बदलावेत. उलट इथेनॉलमुळे ठोका लवकर पडत नाही, त्यामुळे वाढवलेले कॉम्प्रेशन पचते. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

आम्ही तिघांनी मिळून खानापूर रस्त्याला एक एस्टीम पाहून ठेवली आहे. मालक साठ हजारांच्या खाली यायला तयार नाही. मामांनी एकच सांगितले आहे : पैशाची गोष्ट काढण्याआधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून या. रविवारी मीटर घेऊन जाणार आहोत.