उलट्या गिअरमधला हिवाळा

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेस टग हिल नावाचं पठार आहे. सरोवरावरून येणारा गार वारा पाण्याची वाफ उचलतो आणि या चढावर ती बर्फ होऊन उतरते. पठाराच्या माथ्यावर हिवाळाभरात पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. शेतघरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट इथे शंभर-दोनशे मीटर सहज असते आणि ती मोकळी ठेवणं हे घरमालकाचं काम. गोठ्यातलं दूध न्यायला येणारा टँकर याच वाटेनं येतो आणि वेळ आलीच तर रुग्णवाहिकाही. अशा बऱ्याच घरांच्या शेडमध्ये एखादा जुना ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्यामागे स्नोब्लोअर जोडून, रिव्हर्स टाकून बर्फ काढावा का, हा प्रश्न दर हिवाळ्याच्या तोंडावर तिथे निघतो.

महाराष्ट्रात रोटाव्हेटर चालवणाऱ्याला या यंत्राची निम्मी ओळख आधीच असते. तीच तीन टोकांची जोडणी, इंजिनाचा जोर अवजाराला देणारा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा तोच पीटीओ, मधे तोच शाफ्ट. फरक दिशेचा. रोटाव्हेटर जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घ्यायचा नसतो. मागे जोडलेल्या साध्या ब्लोअरचं तोंड मात्र ट्रॅक्टरच्या पाठीमागे उघडतं, त्यामुळे तो मागे जातानाच बर्फ खातो. आडवा फिरणारा स्क्रू बर्फ मध्यभागी ओढतो, तिथला पंखा तो धुराड्यातून बाजूला दहा-पंधरा मीटर फेकतो.

या रचनेच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मागे जाताना ब्लोअर आधी वाट साफ करतो आणि चाकं साफ जमिनीवरून जातात. बर्फ टायरखाली दबून त्याचा निसरडा थर होत नाही. अवजाराचं वजन मोठ्या चाकांवर पडतं, त्यामुळे पकड वाढते. पुढे ब्लोअर लावायचा तर पुढचा पीटीओ हवा किंवा पोटाखालून शाफ्ट नेणारा सांगाडा हवा, आणि तो खर्च जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. मागे पातं लावून बर्फ ढकलणं याहून सोपं खरं, पण पातं बर्फ हलवतं, घालवत नाही. फेब्रुवारी येईतो कडेचे ढीग छातीएवढे होतात आणि नवा बर्फ सारायला जागाच उरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात सुमारे दोन मीटर बर्फ पडला. तिथे पात्याचा काय पाड?

लोक विरोधात पहिलं कारण सांगतात ते मानेचं. तासभर मान वळवून मागे पाहत बसणं साठीच्या शेतकऱ्याला सोपं नाही, त्यात वारा उलटला की उडवलेला बर्फ तोंडावर येतो. हा त्रास खरा आहे. पण आरसे लावून, दर काही मिनिटांनी थांबून, इंजिनाची ऊब मागे आणणारा कॅनव्हासचा आडोसा बांधून तो सोसण्याजोगा करता येतो. मला मोठा वाटतो तो क्लचचा प्रश्न, आणि ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा या चर्चेत तो हमखास मागे पडतो.

फोर्ड ८एन घ्या. १९४७ ते १९५२ या काळात बनलेला हा ट्रॅक्टर अमेरिकेत अजून हजारोंनी चालतो. त्याचा पीटीओ गिअरबॉक्सच्या वाटेनं फिरतो आणि क्लच एकच. समोर जड बर्फ आला, ट्रॅक्टर थांबवायला क्लच दाबला की पंखाही थांबतो, तोही धुराडं भरलेलं असताना. हायड्रॉलिकचा पंप त्याच पीटीओवर असल्यानं ब्लोअर उचलताही येत नाही. क्लच सोडावा तर पंखा आणि चाकं एकदमच सुटतात. यातून वाट काढणारे न्यूट्रलमध्ये येतात, पंख्याला धुराडं रिकामं करू देतात आणि पुन्हा गिअर टाकतात. दोनशे मीटरच्या वाटेवर हे किती वेळा करायचं?

त्यात या ट्रॅक्टरला रिव्हर्स गिअर एकच आणि तोही चालण्याच्या वेगाचा. हिशेब करून पाहा. दीड मीटर रुंदीचा ब्लोअर, एक फूट बर्फ आणि ताशी चार किलोमीटर वेग धरला, तर सेकंदाला अर्धा घनमीटर बर्फ तोंडात येतो. थोडा बसलेला बर्फ घनमीटरला दोनशे किलो भरतो, म्हणजे सेकंदाला शंभर किलो. वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे झेपणारं नाही. तोच वेग ताशी एक किलोमीटरवर आला की पंचवीस किलो होतात आणि काम जमू लागतं. म्हणूनच जाणते लोक वेग उतरवणारा जादा गिअरबॉक्स शोधत फिरतात. ब्लोअर अरुंद असून चालेल, रिव्हर्स हळू हवा.

दुसरा धोका फिरत्या वजनाचा. क्लच दाबला तरी पंख्यातला जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि चाकं आणखी थोडी ढकलतो. ढकलतो मागे, म्हणजे गॅरेजच्या दाराकडे किंवा तिथे उभ्या असलेल्या माणसाकडे. एकाच दिशेनं जोर जाऊ देणारा ओव्हररनिंग क्लच शाफ्टवर बसवला की हे थांबतं. तो न बसवता ८एनला ब्लोअर जोडू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

मॅसी फर्ग्युसन १३५ सारख्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. १९६४ नंतरच्या या मॉडेलमध्ये दोन टप्प्यांचा क्लच मिळतो: अर्धा दाबला की चाकं थांबतात, पंखा फिरत राहतो. भारतात शेतकरी ज्याला डबल क्लच म्हणतात तो हाच. असा क्लच आणि हळू रिव्हर्स असेल, तर ट्रॅक्टर साठ वर्षांचा असला तरी मी त्याच्या बाजूनं कौल देईन.

कॅनडात ओटावा आणि माँट्रियलच्या परिसरात कंत्राटदारांनी निराळाच मार्ग काढला आहे. त्यांचा ब्लोअर मागेच असतो, पण तोंड पुढे. ट्रॅक्टर दारापर्यंत मागे जातो, ब्लोअर टेकवतो आणि सरळ पुढे ओढत निघतो. मान वाचते, काम झपाट्यानं होतं. मात्र चाकांना आधी बर्फातून जावं लागतं, आणि दोनच चाकांवर चालणारा हलका जुना ट्रॅक्टर तिथेच रुततो. ही सोय चारही चाकं ओढणाऱ्या नव्या ट्रॅक्टरची आहे.

राहिली सुरक्षिततेची बाब, आणि तिथे तडजोड नको. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. जाड कोट, गळ्यातला मफलर, लोंबणारी नाडी यांपैकी काहीही उघड्या शाफ्टमध्ये अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरवरचं शाफ्टचं कव्हर बहुधा कधीच तुटून गेलेलं असतं. ते नवं घ्यायला फार पैसे लागत नाहीत. धुराडं तुंबलं तर इंजिन बंद करून काठीनंच मोकळं करायचं, हातानं कधीच नाही. बर्फाखाली वाटेची कड दिसत नाही आणि एक चाक चरात गेलं की ट्रॅक्टर कलंडतो. जुन्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट नसते. स्वीडननं नव्या ट्रॅक्टरांना ती १९५९ मध्येच सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे घटले. न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरवर चौकट बसवणाऱ्या शेतकऱ्याला खर्चाचा मोठा भाग परत मिळण्याची योजना आहे. ब्लोअरवर पैसे घालण्याआधी त्या चौकटीसाठी अर्ज करावा, आणि पहिला बर्फ पडण्याआधी वाटेच्या दोन्ही कडांना उंच खुंट्या ठोकून ठेवाव्यात.