पहिला गळ कुठल्या तळ्यात?

कोकणातून किंवा कोल्हापूर-सांगलीकडून नोकरीपायी बंगळुरात आलेल्या कितीतरी आईबापांचं लहानपण गरवण्यात गेलेलं असतं. बांबूची काठी, चार हात तंगूस, करवंटीत ओल्या मातीतली गांडुळं आणि समोर खाडी नाहीतर ओढ्याचा डोह. आपल्या पाच-सहा वर्षांच्या पोरांनाही हे एकदा दाखवावं असं त्यांना वाटतं, आणि ते अगदी रास्त आहे. गळाला मासा लागल्यावर काठीतून हातात जी थरथर येते, ती कुठल्याही पडद्यावर मिळत नाही.

अडचण पाण्याची आहे. बंगळुरात तळी भरपूर, पण गळ टाकता येईल असं तळं शोधावं लागतं. अनेक तळ्यांच्या फाटकावर मासेमारीला मनाई असल्याची पाटी असते. जिथे मासेमारी चालते तिथला हक्क बहुधा मत्स्य विभागाकडून ठेक्याने दिलेला असतो. ठेकेदार बीज सोडतो, राखण करतो, जाळी लावतो. त्याच्या पाण्यात न विचारता गळ टाकणं म्हणजे चोरीच, मग हातात काठी सहा वर्षांच्या मुलाच्या का असेना. परवानगी काढणं हा सहलीचा पहिला भाग, आणि तो मुलांच्या देखत झाला तर फार चांगलं.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि त्याला बारमाही मोठी नदी नाही. म्हणून इथल्या माणसांनी उतारावर बांध घालून पाणी अडवलं. एक तळं भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात जायचं, तिथून त्याच्याही खालच्या. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हाही गावाची तहान भागत होती ती या तळ्यांवर आणि विहिरींवरच. पुढे धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचा बसस्थानक परिसर उभा राहिला, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम आलं. जी तळी उरली, त्यांतल्या पुष्कळांत सांडपाणी शिरलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेळंदूर तळ्यावर आग लागली आणि तिचा धूर साऱ्या शहराने पाहिला.

मासेमारीच्या दृष्टीने त्याहून बोलकी गोष्ट हलसूरची. मार्च २०१६ मध्ये एका सकाळी हलसूर तळ्याच्या काठाला हजारो मेलेले मासे लागले. असं का होतं, हे मुलांना नीट सांगता येतं. सांडपाण्यातल्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच शेवाळ, गाळातले जिवाणू आणि मासे असे सगळे मिळून पाण्यातला प्राणवायू वापरतात. पहाटेपर्यंत साठा संपतो. त्यात उन्हाळ्यातल्या पहिल्या वळवाने गटारातली घाण तळ्यात लोटली, की मासे तोंड वर काढून तडफडू लागतात.

म्हणून घरातून निघण्याआधी पाण्याची चौकशी करावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत ‘डी’ वर्गाचं पाणी मासे आणि वन्यजीवांसाठी योग्य मानलं जातं. त्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. ‘ई’ वर्गाचं पाणी शेतीला, कारखान्यातल्या यंत्रांच्या गारव्याला. कर्नाटकाचं मंडळ तळ्यांचे अहवाल प्रसिद्ध करतं. ‘ई’ दिसलं तर तिथे गळ नको, आणि तिथला मासा ताटात तर मुळीच नको.

चांगलं उदाहरण उत्तरेला आहे. जक्कूर तळ्याच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथलं पाणी आधी पाणवनस्पतींच्या दलदलीतून जातं आणि मग तळ्यात उतरतं. तिथे कोळी जाळी टाकतात, पाणपक्षी येतात. गळाची परवानगी नसली, तरी जाळं ओढलं जाताना काठावरून पाहणं हाही मुलांसाठी मोठा धडा. कोळ्यांना नमस्कार करून विचारलं, तर ते हातातला मासा आनंदाने दाखवतात.

आणि मासा हातात आला, की आधी त्याचं तोंड बघावं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातलं खातो. मृगळाचं खाली वळलेलं, तो तळाचा. रोहू मधल्या थरातला. हे तिन्ही एकाच तळ्यात सोडतात ते एवढ्यासाठीच: कुणी कुणाच्या घासाला हात घालत नाही. रोहूच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते. काठावर पळापळ का करायची नाही, याचं उत्तर पोराला त्या रेघेत मिळतं.

मुलांचा पहिला मासा मात्र बहुतेक वेळा चिलापी असतो. इथे तिला जिलेबी म्हणतात. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकेतला मासा आता जवळजवळ प्रत्येक तळ्यात आहे. देशी माशांच्या मुळावर आल्याने जाणकारांना तो आवडत नाही, पण तो काठाशी राहतो, कणकेच्या गोळीलाही लागतो आणि लहान हातांना ओढवतो. नर उथळ पाण्यात तळाची माती तोंडाने उकरून गोल खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळपास उपाशी राहते. पाणी नितळ असेल तर ते खळगे काठावरून दिसतात.

तयारी थोडीच लागते. लहान गळ घ्यावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. मासा सहज सुटतो आणि पोराच्या बोटात गळ रुतला तरी काढता येतो. डोक्यावर टोपी, अंगात लाइफ जॅकेट, दोन मुलांमध्ये काठीपेक्षा जास्त अंतर. तळ्यांच्या कडेचा गाळ फसवा असतो, म्हणून एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडेच बघायचं. माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो. सोडायचा तो त्याच पाण्यात. बादलीत घालून दुसऱ्या तळ्यात नेऊ नये आणि घरच्या काचपेटीतले मासेही तळ्यात सोडू नयेत. तासाभराने मुलं कंटाळतात. तेव्हा काठी आवरून डबा उघडावा.

हा छंद साहेबाने आणला असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच लिहिलं. माशांच्या जाती, त्यांना काय खाऊ घालावं, दोरी आणि काठी कशी असावी, सगळं त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. मराठी आणि कानडी मुलखांच्या सीमेवरच्या राजधानीतला हा वारसा दोन्ही भाषांच्या मुलांचा आहे.

आज मात्र बंगळुरातल्या मुलांना हा वारसा हातात घ्यायला हक्काचा काठ नाही. पैसे भरून गळ टाकायची खासगी तळी शहराबाहेर आहेत, पण ती सगळ्यांना परवडत नाहीत. ज्या तळ्यांचं पाणी ‘डी’ वर्गात बसतं, तिथे ठेकेदाराच्या संमतीने काठाचा एक उथळ, कठडा घातलेला तुकडा बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवता येईल. पालिकेला आणि मत्स्य विभागाला हे जड नाही. तळ्याशेजारी राहणाऱ्या मराठी मंडळींनी तसा अर्ज कानडीत लिहावा, त्यावर तिथल्या कोळ्यांच्या सह्या आधी घ्याव्यात आणि तो या हिवाळ्यातच द्यावा.