साडेसहाशे मिलिलिटरची मर्यादा

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर परिसराचा कायापालट गेल्या दोन-तीन दशकांतला. शेतजमिनींवर ले-आऊट पडले, एकमजली घरांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आणि जुन्या नागपुरातून, उमरेड-कुहीकडच्या खेड्यांतून आलेली नोकरदार, शिक्षक, छोट्या व्यावसायिकांची कुटुंबे येथे स्थिरावली. कर्ज काढून घर बांधणारा, मुलांच्या शिकवणीचा खर्च पोटाला चिमटा घेऊन भागविणारा हा वर्ग. अशा वस्तीत दारू उजळ माथ्याने येत नाही. घरात शिरण्यासाठी तिला काहीतरी निमित्त लागते. अलीकडे ते निमित्त आरोग्याचे झाले आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की ‘थंडावा’ म्हणून, मुतखड्याचा त्रास झाला की ‘औषध’ म्हणून, आणि वाढदिवस असो वा पदोन्नती, ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ या आश्वासनासह बाटली फ्रिजमध्ये भाज्यांच्या शेजारी जाऊन बसते. बाप पितो ते मुलगा पाहतो, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तोही तेच वाक्य आईला ऐकवितो.

या वाक्यामागे शास्त्राचा आधार असल्याचा समज सुशिक्षितांत पक्का आहे. माफक प्रमाणात मद्य घेणाऱ्यांचे हृदय सुदृढ राहते, असे कुठेतरी वाचलेले असते. ते सर्वस्वी कपोलकल्पित होते असेही नाही. १९९२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात फ्रान्सच्या सर्ज रेनॉ यांनी असा प्रश्न मांडला होता की, लोणी-चीज भरपूर खाणाऱ्या फ्रेंच माणसाला हृदयविकार तुलनेने कमी का होतो. उत्तर म्हणून वाईनकडे बोट दाखविले गेले आणि पाहता पाहता ‘थोडे प्यावे’ हा जणू वैद्यकीय सल्ला ठरला. मद्य कंपन्यांना याहून चांगली जाहिरात कोणती मिळणार होती? त्यांनी खर्चही न करता ती जगभर पोहोचली.

त्या निष्कर्षाच्या पायातली भेग मात्र त्याच्याही चार वर्षे आधी दिसली होती. ब्रिटनमधील जेराल्ड शेपर यांनी १९८८ मध्येच दाखवून दिले होते की, ‘न पिणारे’ म्हणून ज्यांची गणना होते त्यांच्यात पुष्कळसे असे असतात की, ज्यांनी प्रकृती बिघडल्यामुळे पिणे सोडले आहे. आजारी माणसांना निर्व्यसनींच्या रांगेत बसवायचे आणि मग पिणाऱ्यांची प्रकृती उजवी म्हणायची, असा तो हिशेब होता. शिवाय माफक पिणारा युरोपीय माणूस बहुधा सुखवस्तू असतो, व्यायाम करतो, वेळेवर डॉक्टरांकडे जातो. त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेय पेल्याला का द्यायचे? या प्रश्नाचा एकदाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेत सुमारे ७,८०० स्वयंसेवकांवर मोठा प्रयोग आखला गेला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला तो स्वतःहून बंद करावा लागला. प्रयोगाचा बहुतांश पैसा बिअर आणि मद्य बनविणाऱ्या कंपन्यांकडून येणार होता आणि आखणीच्या काळातच संशोधकांचा त्यांच्याशी संपर्क होता, हे उघडकीस आले. लांडग्यालाच मेंढ्यांची शिरगणती सांगावी, तसा तो प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही. मद्य हे कर्करोगकारक असल्याचे याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदविले होते. तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस ज्या यादीत आहेत, त्याच पहिल्या वर्गाच्या यादीत मद्य आहे. तरीही वाद संपूर्ण मिटला आहे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात माफक पिणाऱ्यांचा एकूण मृत्युदर कधीच न पिणाऱ्यांपेक्षा किंचित कमी आढळल्याचे म्हटले. त्याच अहवालात स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचा धोका माफक पिण्यानेही वाढतो, असेही नोंदविले. मात्र २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासाचा एक निष्कर्ष आपल्या घरांसाठी निर्णायक आहे. चाळिशीच्या आतील माणसाला मद्यापासून आरोग्याचा काहीही लाभ आढळत नाही, हानी मात्र होते. बिअरच्या दुकानासमोर दुचाकी लावणाऱ्यांचे सरासरी वय काय असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु क्षणभर ‘माफक’ हा शब्द मान्य करू. मग माफक म्हणजे किती? येथे विलायती शास्त्र आणि नागपुरी बाटली यांची फारकत होते. परदेशातल्या अभ्यासातील ‘एक पेला’ म्हणजे साधारण १० ते १४ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडे बिअरची बाटली साडेसहाशे मिलिलिटरची. साध्या बिअरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते. ‘स्ट्राँग’ म्हणून जी मिळते, आणि आपल्याकडे बहुतांश तीच खपते, तिच्यात ते ८ टक्क्यांपर्यंत असू शकते. गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. ८ टक्क्यांच्या एका बाटलीत ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे ‘फक्त एक बिअर’ घेणारा माणूस चार पेग रिचवून उठलेला असतो. व्हिस्कीचे चार पेग घेतल्याचे घरी सांगण्याची त्याची प्राज्ञा नसते. एक बिअर घेतल्याचे तो हसत सांगतो. बाटली एकदा उघडली की तिच्यातला वायू निघून जातो, ती झाकून उद्यासाठी ठेवता येत नाही; त्यामुळे अर्ध्यावर थांबण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कॅनडातील व्यसनविषयक राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये अल्प धोक्याची जी मर्यादा सुचविली, ती आठवड्याला दोन पेल्यांची, म्हणजे सुमारे २७ ग्रॅमची आहे. आपली एक स्ट्राँग बाटली ही सात दिवसांची मर्यादा एका बैठकीतच ओलांडून जाते.

आता मुतखड्याविषयी. विदर्भाचा उन्हाळा, घाम आणि कमी पाणी पिण्याची सवय यांमुळे खड्याचा त्रास ओळखीपाळखीत कोणाला ना कोणाला असतोच, आणि ‘दोन बिअर मार, खडा पडून जाईल’ हा सल्ला देणारेही घरोघरी असतात. या समजुतीला कणभर आधार आहे, म्हणूनच ती मरत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिअर पिणाऱ्यांना खडे होण्याचे प्रमाण कमी आढळले होते. कारण सरळ आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि अल्कोहोलमुळे लघवी अडवून धरणारे संप्रेरक दबले जाते. लघवी पातळ व पुष्कळ होते. पण खडा नव्याने होणे वेगळे आणि झालेला खडा विरघळणे वेगळे. झालेला खडा बिअरने विरघळत नाही. उलट बिअरमधील प्युरिन या घटकामुळे रक्तातील युरिक अॅसिड वाढते, आणि काहींचा खडा नेमका युरिक अॅसिडचाच असतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, ४७ हजारांहून अधिक अमेरिकन पुरुषांच्या बारा वर्षांच्या अभ्यासात सांधे सुजविणाऱ्या गाऊट या विकाराशी सर्वांत घट्ट संबंध बिअरचाच आढळला, व्हिस्कीचा त्याहून कमी. लघवी पातळ करायची तर माठातले पाणी आहे, ताक आहे, लिंबाचे सरबत आहे. थंडाव्याचेही तेच. भर मे महिन्यात शरीर आधीच पाण्यावाचून कासावीस झालेले असताना ते आणखी बाहेर टाकणाऱ्या पेयाला थंडावा म्हणायचे, ही केवळ जिभेची फसवणूक होय. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना किंवा यकृतावर चरबी असल्याचे निदान झालेल्यांना तर हा ‘थंडावा’ सरळ रुग्णालयाच्या वाटेवर नेऊ शकतो.

या सर्वांपेक्षा गंभीर गोष्ट नागपूरच्या पानठेल्यावर घडते. खर्रा हे विदर्भाचे स्वतःचे व्यसन. गालात खर्रा आणि हातात बिअर, हे दृश्य येथे नवलाचे नाही. मद्यामुळे तोंडाच्या आतील नाजूक आवरणाची रोधक्षमता घटते आणि तंबाखूतील विषारी द्रव्ये अधिक सहजपणे आत शिरतात. नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी देशातील पाच केंद्रांवरील १,८०० हून अधिक रुग्णांची निरोगी व्यक्तींशी तुलना केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोज अवघे ९ ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यालाही गालाच्या कर्करोगाचा धोका न पिणाऱ्याच्या तुलनेत सुमारे दीडपट असतो. नऊ ग्रॅम म्हणजे स्ट्राँग बिअरच्या बाटलीचा चौथा हिस्साही नव्हे. चहाच्या कपात मावेल एवढी बिअर. हा अभ्यास फ्रान्सचा नाही, फिनलंडचाही नाही. आपल्या माणसांचा आहे, आणि आपल्या माणसांच्या सवयींसकट आहे.

‘आपल्या पूर्वजांनाही मद्य वर्ज्य नव्हते’ असा युक्तिवाद करणारे विद्वान अशा वेळी हमखास पुढे येतात. चरकसंहितेत मद्याचे गुण वर्णिले आहेत, हे खरेच आहे. मात्र ते वर्णन ज्या अध्यायात येते त्याचे नाव ‘मदात्ययचिकित्सा’ आहे. मद्याने जडणाऱ्या विकारावर उपचार सांगणे हे त्या अध्यायाचे प्रयोजन. ऋतू, प्रकृती, आहार, मात्रा असे सगळे पाहून वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायच्या द्रव्याची गोष्ट शॉपीतून उचलून ले-आऊटच्या कोपऱ्यावर उभ्याने रिचवायच्या बाटलीला कशी लागू व्हावी?

दोष एकट्या नागरिकाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने औषधी कारणाव्यतिरिक्त मादक पेयांच्या सेवनाला बंदी आणण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिण्यासाठी आजही परवाना लागतो, आणि गंमत अशी की, आरोग्य टिकविण्यासाठी मद्याची गरज असलेल्या व्यक्तीला परवाना देण्याची तरतूद त्याच कायद्यात करून ठेवलेली आहे. आरोग्याची सबब शासनाच्याच कागदावर असेल, तर हुडकेश्वरच्या गृहस्थाला काय बोलावे?

जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास संमती दिली, तेव्हा भारतीय जनता पक्षाने महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ करण्याचा डाव म्हणून रान उठविले. ते योग्यच होते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये, भाजप ज्यात सहभागी होता त्या महायुती सरकारने बिअरवरील उत्पादन शुल्क कमी करता येईल काय, याचा विचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला. चिंता कशाची, तर बिअरचा खप घटल्याची. तेव्हा ते रान कुठे होते? जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील शुल्क वाढवून वर्षाला १४ हजार कोटींचा वाढीव महसूल अपेक्षिला गेला, त्यातूनही बिअर आणि वाईन वगळण्यात आल्या. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हे घरातले वाक्य अशा रीतीने मंत्रालयातही मान्यता पावले. सत्तेत आपली माणसे आहेत म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी गाडगेबाबांचे आणि तुकडोजी महाराजांचे नाव घेणे थांबवावे. या दोघांनी विदर्भाच्या गावोगावी व्यसनाविरुद्ध कीर्तने-भजने केली, ती समोर कोण बसले आहे हे पाहून केली नव्हती.

नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत स्त्रियांच्या आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये ती आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंदीचे यशापयश हा स्वतंत्र विषय आहे. चोरटी दारू तिन्हीकडे मिळते वा मिळत होती, हे कोणी नाकारीत नाही. परंतु तेथे निदान दारूला दारू म्हणणारी माणसे रस्त्यावर उतरली. मोहाची दारू पिऊन नवरा मारतो, मजुरी उडवितो, हे त्या बाईला डोळ्यांनी दिसत होते. फ्लॅट स्कीममधल्या बाईला दिसतो तो बिअर पिऊन शांत झोपणारा, मारझोड न करणारा, हप्ते वेळेवर भरणारा नवरा. त्याच्या यकृताचे वा गालाचे काय होते आहे, हे पंधरा वर्षांनी तपासणीच्या अहवालात कळते. म्हणून येथे चळवळ उभी राहत नाही.

काही गोष्टी तरीही हाताशी आहेत. पिणे म्हणजे सर्वांचीच रीत, हा समज आकडेवारीपुढे टिकत नाही. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मद्य घेणाऱ्या पंधरा वर्षांवरील पुरुषांचे प्रमाण देशात १८.८ टक्के आणि महाराष्ट्रात १३.९ टक्के होते. न पिणारा अजूनही मोठ्या बहुमतात आहे. आपल्या राज्यात बिअरसाठीही वय एकवीस पूर्ण असावे लागते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा बहुधा त्यात बसत नाही, आणि त्याला बाटली देणाऱ्या दुकानाविरुद्ध राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करता येते. निवासी सोसायटीच्या आवारात बिअर वा दारूचे नवे दुकान उघडायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक राहील, असे राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितले. ते प्रमाणपत्र द्यायचे की नाही, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरायचे असते, आणि त्या सभेला दहा-बारा सभासदांपलीकडे कोणी फिरकत नाही. दुकानाचा गाळा ज्याच्या मालकीचा असतो, तो मात्र वेळेवर हजर असतो.