पिकअप घ्या, पण जोडीचे!

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. सिटी हॉल स्टेशनजवळच्या पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमध्ये गिटारची दुकानं बघत फिरतातही. तिथे नवे पिकअप घ्यायचे असतील, तर माझं ऐका: सगळ्यात मोठ्या आवाजाचा एकच सुटा पिकअप घेऊ नका. जुळणारा संच घ्या.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर गिटारची स्टीलची तार हलली की त्या वेढ्यांत वीज तयार होते. ब्रिजजवळ तार कमी हलते, नेकजवळ जास्त. म्हणून संचातल्या ब्रिजच्या पिकअपला बहुधा थोडे जास्त वेढे असतात. मग दोन्हींचा आवाज साधारण सारखा येतो.

मी हे चूक करून शिकलो. पहिल्या पगारातून एक दणदणीत पिकअप आणला आणि नेकजवळ बसवला. स्विच ब्रिजवर नेला की गाणं एकदम दबायचं! आमचे आजोबा म्हणायचे, "तबला एकीकडे आणि डग्गा दुसरीकडे, मग ठेका कसला?"

वेगवेगळे पिकअप एकत्र करूनही छान आवाज मिळतो, हे खरंय. पण त्यासाठी आधी कान तयार हवा.

आणि हो, पैसे खर्च करण्याआधी बाजूचे स्क्रू फिरवून पिकअपची उंची बदलून बघा. पिकअप तारेपासून दूर गेला की आवाज कमी होतो. कदाचित खरेदीची गरजच पडणार नाही!

तुम्हाला काय वाटतं? वर्गात सांगा, मराठीत!