तरुणांना शिबिर मिळाले, मतपेटी नाही

१३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर यित्झाक राबिन आणि यासर अराफात यांनी हस्तांदोलन केले, तेव्हा प्रेक्षकांत इस्रायली, पॅलेस्टिनी व इजिप्शियन किशोरांचा एक गट बसला होता. पत्रकार जॉन वॉलक यांनी त्याच वर्षी ‘सीड्स ऑफ पीस’ ही संस्था स्थापून अमेरिकेच्या मेन राज्यात या मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले होते. एकत्र राहायचे, खेळायचे आणि समोरासमोर बसून वादही घालायचा, असा त्या शिबिराचा परिपाठ. ती मुले आता पन्नाशीकडे झुकली आहेत. दरम्यान ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० जण मारले गेले. त्यांतले साडेतीनशेहून अधिक एका संगीत महोत्सवाला जमलेले, बहुतांशी तरुण होते. त्यानंतरच्या युद्धात गाझातील बळींची संख्या तेथील आरोग्य खात्यानुसार साठ हजारांपलीकडे गेली. ज्या गाझाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या अठरा वर्षांखालील आहे, तेथे या आकड्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

मग संवादाचे प्रयोग फसले काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिबिरात मने बदलतात. बदलत नाही ती परतल्यावरची परिस्थिती. बहुतेक इस्रायली ज्यू तरुणांची अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटका नसते. पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी मुलाची वाट त्याच लष्कराच्या तपासणी नाक्यांवरून जाते. ऑक्टोबर २००० मध्ये गॅलिलीत पोलिसांच्या गोळीने मेलेल्या सतरा वर्षांच्या अरब इस्रायली मुलाच्या अंगात याच संस्थेचा हिरवा टी-शर्ट होता. त्याला मैत्री मिळाली, संरक्षण मिळाले नाही.

खरा प्रश्न सत्तेतील सहभागाचा आहे. पॅलेस्टिनी संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ मध्ये झाली. मे २०२१ मध्ये ठरलेली महमूद अब्बास यांनी पुढे ढकलली. परिणामी, आज पस्तिशीत असलेल्या पॅलेस्टिनीने आपली संसद वा अध्यक्ष निवडण्यासाठी एकदाही मतदान केलेले नाही. इस्रायलने २०१९ ते २०२२ या काळात पाच निवडणुका घेतल्या; परंतु तेथील तरुण ज्यू मतदार वडीलधाऱ्यांपेक्षा उजवीकडे झुकलेला असल्याचे पाहण्यांतून वारंवार दिसते. २००२ पासून उभ्या राहत गेलेल्या विभाजक भिंतीने दोन्ही बाजूंना परस्परांचा एकेकच चेहरा दाखवला: सैनिकाचा किंवा हल्लेखोराचा.

सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१५ च्या ठराव क्रमांक २२५० द्वारे शांतताप्रक्रियेच्या निर्णयांत तरुणांना प्रतिनिधित्व देण्याचे आवाहन केले होते. त्याच परिषदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये गाझासाठी संमत केलेल्या ठराव क्रमांक २८०३ चा भर मात्र आंतरराष्ट्रीय शांतता मंडळ आणि तज्ज्ञांच्या समितीवर आहे. ज्यांच्या भवितव्याचा हा आराखडा, त्यांना मत विचारण्याचा क्षण पुन्हा लांबणीवर पडला.

उत्तर आयर्लंडचा अनुभव येथे बोलका आहे. दोन समाजांना जोडणाऱ्या कामांसाठी आंतरराष्ट्रीय निधी तेथे १९८६ मध्येच उभा राहिला. पण त्या पेरणीला फळ आले, ते १९९८ च्या कराराने राजकारणाचे दार उघडले आणि त्यावर जनतेचा कौल घेतला गेला, म्हणून. अमेरिकी काँग्रेसने २०२० मध्ये इस्रायली-पॅलेस्टिनी संवादासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर मंजूर केले. पैसा आला, राजकारणाचे दार बंदच राहिले.

दिल्लीला यात भूमिका आहे. २०१८ मध्ये रामल्ला येथे पंतप्रधानांनी युवा देवाणघेवाणीतील संख्या ५० वरून १०० करण्याची घोषणा केली होती. इस्रायलशी असलेले सख्य तर सर्वश्रुत आहे. दोन्हीकडे शब्दाला किंमत असलेल्या देशाने केवळ पाहुणचारावर न थांबता पॅलेस्टिनी निवडणुकांचा आणि वाटाघाटींतील तरुणांच्या जागेचा आग्रह धरायला हवा. अन्यथा आणखी एक पिढी शिबिरात हात मिळवील आणि घरी परतून त्याच नाक्याच्या दोन बाजूंना उभी राहील.