पाहुण्यांसाठी चीज घातलेल्या बेक्ड भाज्या

डिसेंबर उजाडला की दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये भाजीच्या गाड्यांचा रंगच पालटतो. लालभडक गाजरे, पांढरेशुभ्र फ्लॉवर, टपोऱ्या मटारच्या शेंगा! केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या या वसाहतीत एकाच जिन्यावर तीन-चार प्रांत नांदतात. बदलीमुळे इथे आलेल्या मराठी गृहिणीला म्हणूनच एक पेच हमखास पडतो. रात्री जेवायला समोरचे तामिळ कुटुंब येणार, वरच्या मजल्यावरचे पंजाबी आजी-आजोबा येणार. आपल्या काळ्या मसाल्याची भाजी सगळ्यांना रुचेलच असे नाही. त्यात ती स्वतः नोकरी करणारी असली तर घरी पोहोचेपर्यंतच सहा वाजतात. अशा वेळी बेक्ड भाज्या कामी येतात, कारण त्यांची बहुतेक तयारी आदल्या रात्री उरकता येते.

पाच माणसांसाठी फ्लॉवर, गाजर, फरसबी आणि मटार मिळून अर्धा-पाऊण किलो भाजी घ्यावी. सॉससाठी तीन मोठे चमचे लोणी, तितकाच मैदा आणि अर्धा लिटर दूध लागते. चीज १०० ग्रॅम, म्हणजे बाजारात मिळणारे चार क्यूब पुरतात. मिरपूड, चिमूटभर जायफळ आणि वाटीभर ब्रेडचा चुरा असला की झाले.

हा पदार्थ बिघडतो तो बहुधा पाण्याने. वरून सुंदर दिसतो आणि वाढायला घेतला की तळाशी पाणीच पाणी! भाज्या वाफवून लगेच सॉसमध्ये टाकल्या की असेच होणार. त्या जराशा कच्च्याच उतरवाव्यात, चाळणीत निथळाव्यात आणि मग कोरड्या फडक्यावर दहा मिनिटे पसराव्यात. एवढा धीर धरला तर अर्धे काम फत्ते झाले.

सॉस करताना लोण्यावर मैदा मंद आचेवर परतावा. कच्चा वास जायला हवा, पण रंग बदलता कामा नये. मग भांडे खाली उतरवून गार दूध थोडे थोडे घालत ढवळावे. गरम मैद्यावर उकळते दूध एकदम ओतले तर पिठाचे बाहेरचे कण चटकन फुगतात, आतले कोरडेच राहतात आणि गुठळ्या होतात. पुन्हा आचेवर ठेवून उकळी आली, सॉस चमच्याला चिकटू लागला की निम्मे चीज घालावे. मीठ शेवटी, चव पाहूनच. चीज आणि बाजारचे लोणी दोन्ही खारट असतात, हे घाईत विसरायला होते.

भाज्या सॉसमध्ये मिसळून लोणी लावलेल्या भांड्यात पसराव्यात व झाकून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मात्र दुसऱ्या दिवशी काचेचे थंडगार भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नये. ते तडकू शकते, मग सगळा बेत फसलाच! अर्धा तास आधी बाहेर काढावे. उरलेले चीज आणि ब्रेडचा चुरा वर पेरून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे, वरची साय सोनेरी होईपर्यंत भाजावे.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ गरम होतो, पण खरपूस होत नाही. ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड कढईत मिठाचा थर तापवून, त्यावर जाळी ठेवून भांडे आत ठेवावे आणि झाकण घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. मात्र यासाठी भांडे धातूचेच हवे. रंग वरून येणार नाही, म्हणून ब्रेडचा चुरा लोण्यावर वेगळा कुरकुरीत परतून अगदी वाढताना पेरावा.

दात नसलेल्या आजोबांसाठी हे मऊ जेवण सोयीचे, आणि फरसबी बाजूला काढणाऱ्या मुलांनाही चीजखाली ती ओळखू येत नाही. कुणाला तिखट हवेच असेल तर सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवावा. पंजाबी आजीसुद्धा तो मागून घेईल!